आगोटीचा हिशेब

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि सनदा येतात. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरते विचारले तर उंबरखिंड आणि बोरघाट ही नावे शाळकरी मूलही सांगेल. पण याच मुलखात प्रत्येक घरात आणखी एक इतिहास घडत आला आहे. कणगीत भात किती उरले, मीठ कुठवर पुरेल, बाजाराला कोणी जायचे, कितीदा जायचे आणि एका खेपेत डोक्यावर काय काय आणायचे, हा तो इतिहास होय. त्याची बखर कोणी लिहिली नाही, कारण तो हिशेब बहुतेक बायकांच्या तोंडी असे आणि तोंडी हिशेबाला दप्तरखान्यात जागा नसते. वाणसामानाचा विषय व्याख्यानाला हलका आहे असे कोणास वाटेल. तो हलका नाही, हे निदान शेवटी तरी मान्य व्हावे अशी आमची इच्छा आहे.

कुलाब्यात, म्हणजे १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतो त्या जिल्ह्यात, पावसाळ्याच्या तोंडावरच्या दिवसांना ‘आगोट’ म्हणतात. अक्षय्य तृतीया झाली की आगोटीची गडबड सुरू होते आणि मिरग लागण्याच्या आत ती उरकावी लागते. या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उल्हास, पेज आणि पाताळगंगा दुथडी वाहू लागल्या, ओढ्यांना उतार राहिला नाही आणि शेतांच्या बांधांवरून जाणाऱ्या पायवाटा चिखलात बुडाल्या म्हणजे, पूल आणि सडका नव्हत्या तेव्हा, वाडीवरचा माणूस बाजाराला जाऊ शकत नसे. शिवाय तेच दिवस लावणीचे. घरातील प्रत्येक हात शेतात गुंतलेला असताना दोन कोस चालत जाऊन मिठाची पुडी आणण्यात दिवस घालविणे परवडणारे नव्हते. तेव्हा चार महिन्यांचा बाजार एकदाच करावयाचा, ही या भूमीने घालून दिलेली शिस्त होती. खरेदीच्या खेपा कमी कशा कराव्यात, हे या मुलखातील बाईला पावसानेच शिकविले.

आगोटीत काय येई? भात घरचे असेल तर ते कांडून ठेवावयाचे. भातामागून ओलीवर घेतलेले वाल राख चोळून मडक्यात भरावयाचे. तुरीची व मुगाची डाळ, गूळ, तेल, हळद आणि मीठ विकत आणावयाचे. पनवेल, पेण आणि उरण या बाजूंच्या मिठागरांतले मीठ वर येई, आणि त्याच वाटांनी सुकट, जवळा आणि बोंबील येत. पावसात ताजी मासळी मिळत नाही आणि भाजीही महागते, म्हणून कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या जात. मिरच्या उन्हात वाळवून मसाला कुटला जाई. पापड, कुरडया आणि लोणची यांची वेळ हीच. सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचल्या जात. घोंगडी, इरली आणि घर शाकारण्याचा पेंढा हेही आगोटीच्याच यादीत असे. ही यादी कागदावर नसे, पण तिच्यातील एकही वस्तू चुकत नसे.

या यादीमागे केवढे गणित आहे ते पाहण्यासारखे आहे. घरात सहा माणसे आहेत असे धरू. शेतात राबणाऱ्या घरात लहानथोर मिळून माणशी रोज ४०० ग्रॅम तांदूळ लागतो असे धरले, तर दिवसाला २ किलो ४०० ग्रॅम झाले. पावसाळ्याचे १२० दिवस. म्हणजे २८८ किलो तांदूळ, जवळजवळ तीन क्विंटल. डाळ माणशी ५० ग्रॅम म्हटली तरी ३६ किलो. तेलाचा १५ किलोंचा डबा घेतला तर रोज सव्वाशे ग्रॅमच्या वर हात जाता कामा नये. मीठ सात-साडेसात किलो, आणि तेही पाणी सुटून वाहून जाणार नाही अशा मडक्यात. हे झाले आजच्या मापांनी. आमच्या आज्या हेच गणित शेर-पायलीने करीत. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पहिली पायली मडक्यातून काढताना शेवटची पायली कोणत्या सणाला निघेल हे ठरलेले असे. नागपंचमीपर्यंत अमुक मडके, गौरी-गणपतीपर्यंत तमुक मडके. कोठीघराची उतरंड हीच त्या घराची दिनदर्शिका होती.

आता हा माल येई कोठून आणि कसा, हे पाहू. बोरघाट ही कोकण आणि देश यांना जोडणारी पुरातन वाट. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे पाठीवर गोणी लादून या वाटेने वरखाली करीत. वर मीठ जाई, खाली धान्य आणि इतर माल येई. घाटाच्या तोंडाशी खोपोलीला नाना फडणविसांनी महादेवाचे देऊळ आणि मोठा तलाव बांधविला, तो याच वाहतुकीच्या माणसांना आणि जनावरांना उपयोगी पडला. १८३० च्या नोव्हेंबरात सर जॉन माल्कम याने घाटातील नवी सडक खुली केली आणि पाठीवरचे ओझे गाड्यांवर आले. पुढे आगगाडी आली. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला निघालेली गाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचली, १८५८ साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग झाला, आणि मधला घाट मात्र पाच वर्षे पालख्या, तट्टे आणि गाड्या यांनीच ओलांडावा लागे. १८६३ साली घाटातून रूळ गेले. नव्या मार्गाचे महत्त्व कर्जतला मिळाले आणि खोपोली फाट्यावर राहिली. कर्जत तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ साली तो कुलाब्याला जोडला गेला.

आगगाडीने घरच्या बाजाराला काय केले? एक गोष्ट चांगली झाली. मीठ, डाळ, गूळ आणि कापड बारा महिने कर्जत व नेरळ येथील पेठांत मिळू लागले. पूर्वी वंजाऱ्याचा तांडा चुकला तर वर्ष चुके, तसे आता राहिले नाही. दुसरी गोष्ट तितकी चांगली झाली नाही. गावचे भात मुंबईच्या भावाने विकले जाऊ लागले. ज्याच्याजवळ विकण्याइतके भात होते त्याला ते ठीकच होते. पण ज्याला मार्गशीर्षात सारा, खंड आणि देणे भागविण्यासाठी भात विकावे लागे आणि आषाढात तेच भात विकत घ्यावे लागे, त्याला दोन्ही वेळी दुसऱ्याने ठरविलेला भाव पत्करावा लागला. विकताना स्वस्त आणि घेताना महाग, हा अनुभव त्याला नवा नव्हता. पण बाजार मोठा झाल्याने तो अधिक तीव्र झाला असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच सुमारास या मुलखात काळ मोजण्याचे आणखी एक माप आले. ते म्हणजे महिना. घाट चढताना गाड्यांना मागून जोर देणारी इंजिने कर्जतला जोडली जात, आणि त्यामुळे तेथे रेल्वेच्या नोकरांची वस्ती वाढली. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले, १९२२ साली भिवपुरीला दुसरे झाले. या ठिकाणी काम करणाऱ्या माणसाच्या हाती दरमहा पगार पडे. त्याच्या घरची आगोट हळूहळू लहान होत गेली आणि तिची जागा महिन्याच्या यादीने घेतली. पगार झाला की वाण्याकडे यादी जाई, पोऱ्या सामान घरी आणून टाकी, मधल्या उधारीसाठी एक छोटी वही असे आणि ती पुढच्या पगाराला फिटे. आज शहरातील कोणतीही गृहिणी किराण्याची यादी करते ती या पगारी महिन्याची लेक आहे. आगोटीला कोठी लागे, यादीला पत लागे. पगारदाराला वाणी उधार देई, कारण पैसा कोणत्या तारखेला येणार हे वाण्याला ठाऊक असे.

येथपर्यंत आम्ही दोन प्रकारची घरे पाहिली. एकाची कणगी भरलेली, दुसऱ्याचा पगार ठरलेला. दोघेही नीट बेत आखून बाजार करू शकत. पण या दोन तालुक्यांत तिसऱ्या प्रकारची घरे थोडी नव्हती आणि आजही नाहीत. ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या वाड्या, आणि गावकुसातील कुळांची व मजुरांची घरे. त्यांच्याजवळ वैशाखात चार महिन्यांचे धान्य घेण्याइतका पैसा नसे. त्यांचा बाजार चिपट्याने होई. सकाळी सरपणाची मोळी किंवा करवंदांची पाटी घेऊन उतरावयाचे, पावसाळ्यात शेवळे, टाकळा, करटोली घेऊन यावयाचे, ती विकून जे चार पैसे येतील त्यांचे चिपटेभर तांदूळ, नवटाक तेल आणि मिठाचा खडा घेऊन परत डोंगर चढावयाचा. पायली घेणाऱ्याला माप शीग लावून मिळे. तीच पायली सोळा चिपट्यांनी घेणाऱ्याला सोळा वेळा सपाट माप मिळे आणि सोळा वेळा चालावे लागे. म्हणजे ज्याच्याजवळ सर्वांत कमी पैसा त्यालाच धान्य सर्वांत महाग पडे, आणि ज्याच्या पायांना सर्वांत लांबची वाट त्याच्याच खेपा सर्वांत जास्त.

अशा माणसाला आपण काटकसरीचा उपदेश करतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे सांगतो. म्हण खरी आहे. पण ज्याला अंथरूणच नाही त्याने काय करावे, याचे उत्तर तिच्यात नाही. चिपट्याने घेणारी बाई हिशेबात कच्ची असते असे मानणे ही मोठी चूक आहे. घरात दोन दिवसांचे धान्य असताना पाच जणांना आठवडाभर जगविणे याला जे गणित लागते ते भरलेल्या कोठीच्या मालकिणीला कधी करावेच लागत नाही. उणीव गणिताची नव्हती. उणीव होती ती वैशाखात हाती लागणाऱ्या पैशाची.

मग आषाढ-श्रावणात उपास पडू लागले की सावकाराच्या दारी जावे लागे. पावसाळ्यात पोट भरण्यासाठी काढलेल्या या धान्याला ‘खावटी’ असे नाव आहे. ती सवाईने किंवा दिढीने मिळे. दिढी म्हणजे दोन मण नेले तर सुगीला तीन मण घालावयाचे. ऐकताना हे फार वाटत नाही. पण मांडून पाहा. एका घराला दरवर्षी दोन मणांची तूट येते. पहिल्या वर्षी दोन मण घेतले, सुगीला तीन फेडले. दुसऱ्या वर्षी नेहमीची दोन मणांची तूट आहेच. तीत फेडलेल्या तिनांची भर पडून ती पाच मणांची झाली. पाचाचे दिढीने साडेसात. तिसऱ्या वर्षी तूट साडेनऊ मणांची. दोन मणांपासून साडेनऊ मणांपर्यंत जाण्याला अवघे दोन पावसाळे पुरले, आणि मध्ये ना लग्न झाले ना आजारपण. पुढे जमीन जाई, आणि जमीन नसेल तर माणूस जाई. कोळशाच्या भट्टीसाठी किंवा वीटभट्टीसाठी पावसाळ्यात उचल घ्यावयाची आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह ती फेडण्यासाठी निघावयाचे, ही कातकऱ्यांची रीत आळसातून आलेली नाही. ती हुकलेल्या आगोटीतून आलेली आहे.

या दुष्टचक्रावर नेमका घाव घालणारा माणूस याच भूमीत जन्मला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सर्व महाराष्ट्र भाई कोतवाल म्हणून ओळखतो, ते १९१२ साली माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मले. शिकून ते वकील झाले आणि माथेरानच्या नगरपालिकेत निवडून गेले. १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहून त्यांनी विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. हुतात्म्याचे मरण लोकांच्या ध्यानात राहते, त्याआधीचे काम मात्र मागे पडते. भाईंनी कर्जत तालुक्यातील खेड्यांत शाळा काढल्या, आणि शेतकऱ्यांना सावकाराच्या दिढीतून सोडविण्यासाठी धान्यपेढ्या उभ्या केल्या.

धान्यपेढी म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. सुगीला प्रत्येकाच्या घरी भात असते आणि भाव उतरलेला असतो. त्या वेळी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे थोडे भात एकत्र कोठारात घालावयाचे. पावसाळ्यात ज्याला गरज पडेल त्याने त्यातून न्यावयाचे आणि पुढच्या सुगीला परत करावयाचे. वर जी थोडीफार वाढ घालावयाची ती कोठारातच राहते, सावकाराच्या घरी जात नाही. म्हणजे पुढच्या वर्षी कोठार मोठे होते आणि गरज भागविण्याची ताकद वाढते. एकट्या घराला आगोट भरता येत नाही, तर सर्व गावाने मिळून एकच आगोट भरावी, हा त्यातील विचार. आमच्या मते भाईंच्या स्वातंत्र्यलढ्याचे हे पहिले पाऊल होते. आषाढात ज्याचा भात दुसऱ्याच्या हाती, तो माणूस परकी सत्तेपुढे ताठ कसा उभा राहणार?

भाई गेले त्याच वर्षी साऱ्या देशाला धान्याची ओढ लागली. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. भातावर लेव्ही बसली. रेल्वेने आपल्या नोकरांसाठी धान्याची दुकाने उघडली. बाजाराचा बेत आखण्याची रीत पुन्हा बदलली. आता कणगी नको, वहीही नको. आता कार्ड हवे आणि रांगेत उभे राहण्यासाठी एक माणूस हवा. काय शिजवावे हे घरधनिणीने ठरविण्याऐवजी दुकानात काय आले आहे ते पाहून ठरू लागले. लोकांनी त्या रांगांना शिव्या पुष्कळ दिल्या, आणि त्यांत गैरप्रकारही झाले. तरी एक तत्त्व त्यांतून रुजले, की धान्य ज्याला विकत घेता येईल त्याचेच नव्हे. प्रत्येक तोंडाचा त्यात एक ठरलेला वाटा आहे. १९५४ साली रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना नियंत्रणे उठली, पण स्वस्त धान्याचे दुकान पुढेही राहिले. १९५७ साली दशमान नाणी आली, त्यापाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि चिपटे-मापटे बाजारातून गेले. चिपट्याने घेण्याची वेळ मात्र गेली नाही. ती पाव किलोच्या पुडीने घेण्याची वेळ झाली, एवढेच.

१९७२ चा दुष्काळ आणि त्यापाठची महागाई यांनी घरचा हिशेब रस्त्यावर आणला. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखाली मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन निघाल्या. आपले हिशेब खोटे ठरतात याचे कारण आपल्या स्वयंपाकघरात नाही, हे त्या मोर्चांनी सांगितले. १९७५ साली बिंदुमाधव जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबई ग्राहक पंचायत स्थापिली. तिची पद्धत साधी आणि विचार करण्यासारखी आहे. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात. प्रत्येक घर आपली महिन्याची यादी आगाऊ देते. साऱ्या याद्यांची बेरीज करून पंचायत माल घाऊक घेते, आणि तो संघाच्या ठिकाणी येऊन पडला की सभासदच तो आपसांत वाटून घेतात. यात दुकान नाही, नोकरचाकर थोडे, आणि खेपही एकच. दहा घरांच्या दहा खेपा वाचतात, भाव उतरतो आणि माल चोख मिळतो. धान्यपेढीत आणि या पद्धतीत तत्त्व एकच आहे. फरक एवढाच, की येथे सभासदाच्या हाती महिन्याचा पगार असावा लागतो.

ज्याच्या हाती तो नाही त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर सरकारनेही आपल्या परीने दिले आहे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. उन्हाळ्यात गावाजवळ काम आणि त्याचे रोख दाम मिळाले तर मजुरालाही आगोट भरता येते, हे त्याचे एक फळ. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज मिळू लागले. सावकाराच्या खावटीला सरकारी खावटी हा पर्याय झाला. १९९५ च्या नवसंजीवन योजनेत दुर्गम आदिवासी भागांत पावसाळ्यापूर्वीच धान्य नेऊन ठेवण्याची तजवीज करण्यात आली. म्हणजे सरकारने आगोट हा शब्द न वापरता आगोटच भरली. परंतु आगोटीचा जीव वेळेत असतो, हे कचेऱ्यांना नेहमीच उमजते असे नाही. २०२० साली साथीच्या दिवसांत आदिवासी कुटुंबांना चार हजार रुपयांची खावटी, अर्धी रोख आणि अर्धी वस्तुरूप, अनुदान म्हणून देण्याचे ठरले. हेतू उत्तमच होता. पण शासनाचा निर्णय निघाला तो सप्टेंबरात. तोवर शेते पोटरीला आली होती आणि उपासाचे महिने सरले होते. वैशाखातला रुपया आणि भाद्रपदातला रुपया दिसायला सारखे असले तरी खरेदीत सारखे नसतात.

आज या मुलखाचे रूप पालटले आहे. खालापुरातून २००२ पासून द्रुतगती मार्ग धावतो. कर्जत आणि खोपोली येथून मुंबईला लोकल जाते. दूरध्वनीवर बोट ठेवावे आणि सामान दारी यावे, अशी सोय पुष्कळांना झाली आहे. खेप आखण्याची गरजच उरली नाही असे त्यांना वाटते. आणि म्हणून त्यांच्या घरी एकाच आठवड्यात चारदा सामान येते आणि कोथिंबीर तरीही विसरते. याच तालुक्यात चौकजवळ इर्शाळगडाच्या उतारावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली आणि अनेक माणसे गाडली गेली. वाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीला धावलेल्यांना भर पावसात पायवाटेने डोंगर चढावा लागला. त्या एका रात्री सर्वांनी पाहिलेली ती वाट वाडीच्या बायकांनी जन्मभर डोक्यावर ओझी घेऊन चढलेली होती.

अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. आपले सहा माणसांचे घर आठवा. त्याला महिन्याला ७२ किलो लागत होते. त्यांपैकी ३० किलो दुकानातून येतात. निम्म्याहून कमी, पण पूर्वीच्या शून्यापेक्षा पुष्कळच अधिक. आणि २०२५ साली एक गोष्ट घडली, जिच्याकडे शहरात फारसे कोणी पाहिले नसेल. पावसाळा ध्यानात घेऊन जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचे धान्य आगाऊ उचलून वाटावे, असे केंद्र सरकारने राज्यांना कळविले. तीन खेपांची एक खेप, आणि तीही पावसाच्या तोंडावर. कर्जतच्या एखाद्या म्हातारीला कोणी विचारले असते तर तिने हे पन्नास वर्षांपूर्वीच सुचविले असते.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट दिसते. कमी खेपांत, कमी पैशांत आणि वेळेवर बाजार करणे याला आपण गृहिणीचे कौशल्य म्हणतो. ते कौशल्य आहेच. पण ते चालते केव्हा? खरेदीच्या आधी पैसा किंवा धान्य हाती असेल तेव्हा. वाणसामानातील सर्वांत मोठी बचत ‘आधी’ या एका शब्दात आहे, आणि तो शब्द सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. ज्यांच्या वाट्याला तो येत नाही त्यांना तो मिळवून देण्याचे तीन मार्ग या दोन तालुक्यांनी पाहिले: वेळेवर मिळालेली मजुरी, वेळेवर पोहोचलेले सरकारी धान्य, आणि शेजाऱ्यांनी मिळून भरलेली पेढी. तिन्ही मार्ग एकमेकांना पूरक आहेत, आणि तिसरा तर कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाही.

तेव्हा येत्या वैशाखात आपण घरची यादी करावयास बसलो म्हणजे एवढे करावे. घरी कामाला येणाऱ्या बाईची, इमारतीच्या राखणदाराची आणि शेतावरच्या गड्याची मजुरी पावसाआधी चुकती करावी; त्यांना आगाऊ रक्कम हवी असेल तर ती व्याजाविना द्यावी आणि सुगीपर्यंत थांबावे. शक्य असेल तर आपल्या दहा घरांच्या यादीत त्यांचीही यादी मिळवून घाऊक भावाने एकच खेप करावी. यात उपकार नाही. चिपट्याने घेणाऱ्याला पायलीचा भाव मिळावा एवढाच हा न्याय आहे. भाई कोतवालांच्या मुलखात राहणाऱ्यांनी तो मिरगाच्या आत करावा, कारण मिरगानंतर त्याचा उपयोग निम्मा होतो.